काळू नदीतल्या माशांवरचे परजीवी: कळव्यातून केलेल्या कामाच्या नोंदी

२९ ऑक्टोबर २०२३, रविवार

काम काय आहे ते आधी लिहितो. टिटवाळ्याजवळ काळू नदीत जे मासे पागात (फेकून टाकायच्या जाळ्यात) येतात त्यांच्या अंगावर, परांवर आणि कल्ल्यांत कोणकोणते परजीवी राहतात ते आतापासून पुढचा पाऊस लागेपर्यंत बघायचं, फोटो काढायचे, नमुने ठेवायचे. वैतरणेला, पाताळगंगेला किंवा पनवेलच्या गाढी नदीला कुणी हेच करायला घेतलं तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून इथे सगळं लिहून ठेवतोय. सोबत भाची आहे, ऐरोलीला राहते, झूलॉजी करतेय, हात माझ्यापेक्षा स्थिर आहे तिचा, त्यामुळे सुईचं काम तिच्याकडे.

सामान: सेकंडहँड मायक्रोस्कोप साडेचार हजार, खाली आरसा असलेला मुद्दाम घेतला कारण नदीवर वीज नाही. स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, ब्लेड, सुया, छोट्या बाटल्या, लवंग तेल, ग्लिसरीन मिळून हजाराच्या आसपास. ७० टक्के अल्कोहोल भाचीच्या ओळखीने मिळालं.

आज नदीवर न जाता हात बसवायला ठाण्याच्या बाजारातून गोड्या पाण्याचे मासे आणले. रोहू, चिलापी (तिलापिया) आणि एक मोठा शिवडा. रोहू-चिलापीचे कल्ले कापून स्लाइडवर घेतले, नुसता चिकटा आणि फुटलेल्या पेशी, हलणारं एकही काही नाही. तीन तास गेले. शिवड्याचं पोट मात्र उघडलं आणि वाताच्या पिशवीत दोन-तीन सेंटिमीटरचा चपटा काळपट कृमी, आयसोपॅरॉर्किस, हा शिवड्यात सापडतोच सापडतो असं वाचलं होतं. त्याच्या आसपास आतड्यांवर शाई सांडल्यासारखा काळा रंगही होता. म्हणजे पोटातले टिकतात, बाहेरचे टिकत नाहीत. मासा मेला की त्वचेवरचे एकपेशीय जीव काही वेळातच गळून जातात नाहीतर मरून विरघळतात, कल्ल्यातले कृमी सुटतात, आणि बर्फातून दोन दिवस आलेल्या माशावर त्यातलं काही उरत नाही. बाजारातल्या माशावर “परजीवी नाहीत” असं लिहिलं तर ती नोंद खोटी, तिथे फक्त बर्फ बघितला आपण.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

पहाटेची कसारा लोकल, टिटवाळा, तिथून रिक्षा. नदीवर एक दादा पाग टाकतात, त्यांच्याशी आधीच बोलणं झालं होतं की बाजाराला जाणारे मासेच घेऊ, वेगळे मारायला लावणार नाही, आणि बाजारभावापेक्षा थोडे जास्त देऊ. मिळाले ते असे: खवल्या, दांडवण, शिंगट्या, दोन मळ्या आणि चिलापी तर असतातच.

मासे जिवंत घरी आणायचे म्हणून एका मोठ्या पिशवीत नदीचं पाणी आणि बॅटरीवरचा एअरपंप. परतीच्या गाडीला गर्दी, पिशवी मांडीवर, कळव्याला उतरेपर्यंत पाणी कोमट झालेलं आणि अर्ध्याहून जास्त मासे उलटे. जे जगले त्यांच्यावर आर्गुलस होते, माशांच्या उवा म्हणतात ते. पण ते पिशवीभर पोहत होते, म्हणजे शिंगटीवरून सुटून खवलीवर बसलेला कुठला आणि मुळात खवलीवरचा कुठला हे कळायला मार्ग नाही. कुठला परजीवी कुठल्या माशावर हेच तर आपल्याला हवं होतं, त्यामुळे आजची सगळी नोंद बाजूला ठेवली.

पुढच्या वेळेपासून: एक मासा, एक पिशवी, पिशवीवर नंबर. मासा काढला की पिशवीतलं पाणीसुद्धा पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून बघायचं, कारण सुटलेले तिथेच मिळतात.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

दिवाळीमुळे मधला रविवार गेला. आज मायक्रोस्कोपच नदीवर नेला आणि इथून कामाला खरी सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

आंब्याखाली फोल्डिंग टेबल. मासा पागातून निघाला की लवंग तेलाचे थेंब घातलेल्या पाण्यात, तो पूर्ण शांत झाल्यावर आधी बाहेरून भिंगाने बघायचं, मग अंगावरून कव्हरस्लिप ओढून चिकटा स्लाइडवर, मग कल्ल्याचं झाकण कापून एकेक कल्ला वेगळा. स्लाइडवर नदीचंच पाणी घालायचं. घरी नळाचं पाणी वापरलं होतं, क्लोरिनमुळे नाजूक जीव लगेच खलास होतात. लवंग तेलाच्या पाण्यातही कृमी सुटून पडतात, ते पाणी न बघता फेकायचं नाही.

उजेडाचं लिहितो कारण त्यात बराच वेळ गेला. आरशाने थेट सूर्य घेतला तर डोळ्याला धोका आहेच, शिवाय स्लाइड दोन मिनिटांत सुकते. टेबलापासून हातभर लांब उन्हात एक पांढरा कागदी बोर्ड उभा केला आणि आरसा त्याच्याकडे फिरवला, मऊ उजेड आला. तेवढ्याने सगळं बदललं.

पहिल्याच खवलीच्या चिकट्यात ट्रायकोडिना हा एकपेशीय जीव. गोल, आत दातांचं कडं, आणि तो जागच्या जागी गरगर फिरत फिरत स्लाइडभर सरकतो. भाची ओरडली, “मामा, ये लवकर, पूर्ण फिल्डभर आहेत!” पूर्ण फिल्डभर नव्हते, पण होते. कल्ल्यात डॅक्टिलोगायरस, डोक्याकडे चार काळे डोळ्यांचे ठिपके, मागच्या टोकाला आकड्यांची (हुकांची) चकती, चकती रोवून अंग ताणायचं, चाचपडायचं, परत आखडून घ्यायचं, असं चालू. हा कृमी अंडी घालतो आणि बराचसा आपल्या ठरलेल्या यजमान माशालाच धरून राहतो, म्हणून आधी मासा नीट ओळखला पाहिजे. खवलीच्या नावाखाली दादा ज्यांना एकत्र धरतात त्यात दोन-तीन वेगळ्या जाती येतात, त्यात २०१२ साली जुन्या पुंटियसचे तुकडे होऊन पेथिया, डॉकिन्सिया अशी नवी नावं आली, त्यामुळे जुनी यादी आणि नवी यादी जुळवून घ्या. प्रत्येक माशाचा कडेने, पर उघडे ठेवून, पट्टीसकट फोटो काढायला सुरुवात केलीय.

रजिस्टरमध्ये आज दोन रकाने वाढवले: मासा पाण्याबाहेर काढल्याची वेळ आणि स्लाइड बघितल्याची वेळ.

१० डिसेंबर २०२३, रविवार

त्या दोन रकान्यांचा उपयोग दिसायला लागला. काढल्यावर अर्ध्या तासात बघितलेल्या माशांवर ट्रायकोडिना बहुतेक वेळा मिळतो, आणि दुपारी रांगेत शेवटी राहिलेल्या, मधेच मेलेल्या माशांवर तो नाहीच. मासे त्याच पाण्यातले, त्याच पागातले. म्हणून आता एका वेळी थोडेच मासे घेतो, दादांना सांगितलंय की बाकीचे जाळीच्या खोक्यात वाहत्या पाण्यातच राहू द्या, संपले की पुढचे.

आज एका दांडवणीच्या अंगावर दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं, टोकाला दोन हिरवट पिशव्या. लर्निया, यालाच अँकर वर्म म्हणतात, पण हा कृमी नाही, झिंग्या-खेकड्यांच्या कुळातला आहे. लिनियसने १७५८ साली याला नाव दिलं. अंगात घुसून राहते ती फक्त मादी, दोन पिशव्या म्हणजे तिची अंडी, नर मीलनानंतर मरून जातो. चिमट्याने ओढला तर धड हातात आलं आणि डोकं माशातच राहिलं, आणि ओळखायला लागतो तो नेमका आत रुतलेला नांगराचा भाग. दुसऱ्या माशावर मिळाला तेव्हा भाचीने बाजूचं मांस चौकोनी कापलं, बशीत पाण्याखाली ठेवून सुईने धागा धागा सोडवला, पाऊण तास लागला, पण नांगराच्या चारही फांद्या अखंड निघाल्या. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला नमुना तो.

दादा हे सगळं बघत होते. म्हणाले, “आम्ही असला मासा बाजूलाच काढतो भाऊ, गिऱ्हाईक घेत नाय.” मग विचारलं की खाल्ला तर काय होतं. आपल्याकडे मासा पूर्ण शिजवतात, त्यात हे सगळं मरतं, असं सांगितलं. कच्चा किंवा अर्धवट भाजलेला गोड्या पाण्यातला मासा खायचा नाही एवढं मात्र खरं, काही जातींच्या कृमींच्या अळ्या माणसातही जातात.

१४ जानेवारी २०२४, रविवार

नमुने टिकवण्याचा प्रश्न. डिसेंबरात काही मासे अख्खेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवले होते, निवांत बघू म्हणून. आज उघडले तर अंगावरचा चिकटा गोठून पांढरा थर झालेला, कल्ल्यातले कृमी आखडून गोळा झालेले, आकडे दिसतच नाहीत. शिवाय छोट्या फ्लॅटमध्ये त्या वासाने दिवसभर डोळे चुरचुरले, फॉर्मलिन घरात आणूच नका. आणि पुढे कुणाला डीएनए काढायचा असेल तर फॉर्मलिनमधला नमुना जवळपास बाद.

जे चाललं ते असं. कल्ले काढून छोट्या बाटलीत घ्यायचे, त्यावर साधारण ६० अंशांचं गरम पाणी ओतायचं आणि बाटली जोरात हलवायची. कृमी सुटतात आणि ताणलेल्या अवस्थेतच मरतात. मग लगेच अल्कोहोल. नदीवर गरम पाणी थर्मासमधून नेतो, दुपारपर्यंत ते बऱ्यापैकी गरम राहतं, तापमान बघायला स्वयंपाकाचा थर्मामीटर, तीनशे रुपये. आर्गुलस, लर्निया असल्यांना गरम पाण्याची गरज नाही, सरळ अल्कोहोलमध्ये.

आकडे बघण्यासाठी संशोधनाच्या पेपरांमधून अमोनियम पिक्रेट आणि ग्लिसरीनचं मिश्रण सांगतात. ते करायला पिक्रिक ॲसिड लागतं, वाळलं की स्फोटक असतं, त्याच्या नादाला आम्ही लागलोच नाही. नुसतं ग्लिसरीन आणि पाणी, कव्हरस्लिपच्या कडेला टिश्यूपेपर लावून पाणी हळूहळू ओढून घ्यायचं म्हणजे कृमी चपटा होतो, आणि कडेचे १४ छोटे आकडे मोजता येतात. टिश्यू जास्त वेळ ठेवला तर कृमी चिरडतो, नजर आयपीसवरच ठेवून करा.

मळ्याच्या अंगावरच्या चिकट्यात आज गायरोडॅक्टिलस मिळाला. दिसायला डॅक्टिलोगायरससारखाच, पण डोळ्यांचे ठिपके नाहीत, कडेचे आकडे १६. हा अंडी घालत नाही, पिल्लूच जन्माला घालतो, आणि त्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू तयार होत असतं. आज ते डोळ्यांनी बघितलं: आईचे मोठे आकडे मागे, अंगाच्या मधोमध दुसरी छोटी आकड्यांची जोडी, आणि फोकस अगदी थोडा हलवल्यावर तिच्याही आत तिसरीची पुसट सुरुवात. एका मिलिमीटरपेक्षाही लहान जीव आहे हा. आम्ही दोघं आळीपाळीने किती वेळ बघत बसलो ते रजिस्टरमध्ये नाही, पण त्यानंतरचा मासा रांगेतच मेला.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

घरच्या टबाबद्दल. जानेवारीत काही खवल्या जिवंत आणून गच्चीवर टबात ठेवल्या होत्या, एकेकाचे परजीवी आठवडाभर बघावेत म्हणून. आणताना एका खवलीवर एखाद-दुसरा पांढरा ठिपका होता. आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मीठ पेरल्यासारखे ठिपके आणि मासे मरायला लागले. इक, म्हणजे इक्थिओफ्थिरियस, स्लाइडवर घेतला की घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक दिसतं, ओळखण्यात शंका राहत नाही. नदीत काय होतं, हा जीव माशावरून सुटून तळाला जातो, गाठ करून आत शेकडो पिल्लं बनवतो, आणि ती पिल्लं वाहत्या पाण्यात पसरून जातात, बहुतेकांना मासा मिळतच नाही. टबात पळायला जागा नाही, सगळी त्याच माशांवर परत. कातडीखाली असताना औषध-मीठ लागत नाही, पाण्यात मोकळा असतानाच लागतं, म्हणून एक दिवस मीठ घालून काही होत नाही, सलग ठेवावं लागतं. आम्हाला ते कळून मीठ सुरू करेपर्यंत थोडेच मासे वाचले.

या कामासाठी त्यातून एकच नियम काढला: टबात मिळालेलं टबाच्या वहीत, नदीत मिळालेलं नदीच्या वहीत. टबातला आकडा नदीचा म्हणून कधीच लिहायचा नाही. आणि टबात राहिलेला मासा परत नदीत सोडायचा नाही.

घरीच एक चांगलं बघायला मिळालं. शिंगटीवरची आर्गुलसची मादी सुटली आणि बाजूच्या काचेच्या बरणीत तिने काचेवर ओळीने अंडी चिकटवली. माशावर अंडी घालत नाही ती, दगड, काच, लाकूड असं काहीतरी टणक शोधते. काचेतून तिची खालची बाजू सरळ दिसत होती, दोन गोल चोषकं आलटून पालटून टेकवत ती चालत होती, मधे ती बारीक सुई जी माशाच्या कातडीत खुपसते. पिल्लं निघायला उबेप्रमाणे दोन-तीन आठवडे लागतात. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांनी तळ्यात फळ्या उभ्या करून, त्यावर अंडी आली की फळ्या बाहेर काढून उन्हात वाळवाव्यात, औषधापेक्षा स्वस्त पडतं.

१७ मार्च २०२४, रविवार

तुलनेसाठी उल्हास नदीला, कल्याणजवळ वालधुनी नदीचं पाणी मिसळतं त्याच्या पुढे. पाणी काळपट, वास, जलपर्णी. पागात चिलापीशिवाय जवळपास काही नाही. चिकट्यात ट्रायकोडिना मात्र काळूपेक्षा कितीतरी जास्त, याचं कारण समजतं, सांडपाण्याने जिवाणू वाढतात आणि ट्रायकोडिना त्यांच्यावरच जगतो, मासा त्याला बसायला लागतो. कल्ल्यात सिक्लिडोगायरस. हा कृमी मूळ आफ्रिकेतला, चिलापीबरोबर जगभर गेला. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली आणली, ती जिथे जिथे पसरली तिथे आपला कृमी कल्ल्यात घेऊनच गेली असणार.

काळूच्या खवली माशांवर बऱ्याच वेळा काळे ठिपके मिळतात, खसखशीएवढे, खवल्यांवर आणि परांवर. ठिपका सुईने फोडला की आत पारदर्शक पिशवीत गुंडाळलेली चपट्या कृमीची अळी, काळा रंग माशाने स्वतः तिच्याभोवती घातलेला. या अळीला तीन घरं लागतात: आधी गोगलगाय, मग मासा, मग मासा खाणारा पक्षी. टिटवाळ्याला काठाच्या दगडांवर गोगलगाई, तारेवर खंड्या, पलीकडे बगळे, सगळं डोळ्यासमोर आहे. उल्हासच्या या जागी एकाही माशावर ठिपका नव्हता आणि दगड उलटून बघितले तर गोगलगायही दिसली नाही.

भाची लगेच म्हणाली की म्हणजे ठिपके असणं हीच चांगली खूण. मलाही तसंच वाटतं, मनापासून वाटतं, ज्या नदीत गोगलगायीपासून बगळ्यापर्यंत सगळे आहेत तिथेच या अळीचं चक्र पूर्ण होतं. पण इकडे चिलापी आणि तिकडे खवली अशी तुलना चालणार नाही. चिलापीला हे ठिपके तसेही कमी होत असतील तर? म्हणून परत टिटवाळ्याला फक्त चिलापी बघायच्या ठरवल्या.

२८ एप्रिल २०२४, रविवार

ऊन भयंकर, सकाळी दहाच्या आत काम आटपावं लागतं, स्लाइड ओल्या फडक्याखाली ठेवतो. टिटवाळ्याच्या चिलापी बघितल्या, ठिपके मोजक्याच माशांवर, पण आहेत. पाणी कमी झालंय आणि मासे डोहांत दाटलेत, तसा लर्निया वाढलाय, उबदार पाणी आणि गर्दी दोन्ही त्याच्या फायद्याचं. काही दांडवणींच्या परांच्या मुळाशी दोन-दोन.

उल्हासला परत गेलो, तिथे खवली शोधायची होती. मिळाली नाही. पूर्ण सकाळ आणि रिक्षाचे पैसे गेले. त्यामुळे ठिपक्यांचा निष्कर्ष अजून लिहीत नाही.

ओळखीबद्दल: फोटोवरून जातीचं नाव देऊन टाकायचा मोह होतो, आम्ही सगळीकडे फक्त वंशापर्यंत थांबलोय. डॅक्टिलोगायरसच्या जाती मोठ्या आकड्यांच्या आणि नराच्या अवयवाच्या कडक भागांच्या मापावरून ठरतात, ते माप आमच्या मायक्रोस्कोपवर खात्रीने येत नाही. नमुने नीट ठेवले तर पुढे कुणीतरी जाणकार बघेल.

२३ जून २०२४, रविवार

पाऊस लागला, नदी गढूळ आणि जोरात. दादांचा फोन आला की वलगणीचे मासे चढायला लागलेत, शेताच्या बांधापर्यंत आलेत, हवेत तेवढे मिळतील. नको म्हणालो. अंडी भरलेल्या माद्या आहेत त्या, वर चढून अंडी घालू देत. दादाही म्हणाले की पूर्वीएवढे चढत नाहीत आता.

पावसात बाटल्या आवरायला घेतल्या. बाहेर मार्करने लिहिलेले नंबर अल्कोहोलचा थेंब लागून पुसले गेलेत काही ठिकाणी. जाड कागदाच्या चिठ्ठीवर साध्या शिसपेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, पेन्सिल अल्कोहोलमध्ये जात नाही. जानेवारीपासूनच्या बाटल्यांत तसं केलं होतं म्हणून त्या शाबूत, त्याआधीच्या ज्यांचा मासा आणि तारीख जुळत नाही त्या शिकवण्यासाठी वेगळ्या काढल्या, नोंदीतून वगळल्या.

एकूण खर्च नऊ हजारांच्या आत, त्यातला निम्मा मायक्रोस्कोप. प्रवास आणि दादांना दिलेले पैसे यात धरलेले नाहीत. ऑक्टोबरात पुन्हा सुरू करताना टिटवाळ्यासोबत वर मुरबाडच्या बाजूला काळूवरच दुसरी जागा घेणार, आणि उल्हासवर वालधुनी मिसळण्याच्या वरच्या बाजूला, जिथे खवली मिळते असं कल्याणच्या एका मासेवाल्या मावशींनी सांगितलंय.